टाइमकीपर शांत झाला

"महिन्याभरात असा शांत होऊन दाखवतो, की तळ्यातली म्हैस माझ्याकडे शिकवणी लावील!" गुरुदासांनी पणजीच्या डॉक्टरांना ठणकावून सांगितलं. तेही टेबलावर मूठ आपटून!

डॉक्टर एवढंच म्हणाले होते, की माणसं दोन प्रकारची. एक सदा घड्याळाशी भांडणारी, दुसरी 'होईल सावकाश' म्हणणारी. पहिल्यांचं काळीज लवकर दगा देतं. "छातीत एकदा कळ येऊन गेलीय. स्वभाव बदला, नाहीतर..."

त्या 'नाहीतर'नं गुरुदास मनातून हादरले होते. दिवाळीनंतर शालिनीचं लग्न होतं. लेकीवर अक्षता टाकल्याशिवाय त्यांना कुठंच जायचं नव्हतं.

डिचोलीजवळच्या खाणीवर ते टाइमकीपर. वीस वर्षं ट्रकांच्या वेळा लिहून घड्याळ अंगात भिनलेलं. सकाळचा पोदेर पाव घेऊन पाच मिनिटं उशिरा आला, तरी त्यांचा आवाज वरच्या वाड्यातल्या घरांपर्यंत जाई!

त्यांनी रजा टाकली, घड्याळ पेटीत ठेवलं आणि रोज दुपारी ओहोळाकाठच्या सातवणाखाली जाऊन बसू लागले. आश्विनातला फुललेला सातवण, त्याचा तो जड, गुंगवणारा वास! पाण्यावर ऊन डुलत होतं. गुरुदासांना वाटलं, आपणही एक पान आहोत, वाहत चाललोय, कुठं वेळेवर पोचायचं नाही... इतकं सुख पन्नास वर्षांत लाभलं नव्हतं. ते आपल्याशीच हसले.

नेमकं तेच शेजारच्या पार्वतीनं पाहिलं. सातवण म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा, राखणदाराचा! भर दुपारी तिथं कुणी फिरकत नाही, आणि हे तर बसून हसताहेत!

"विमल, तुज्या घोवाक राखणदारान धरलां गो!"

विमलाताईंना संशय होताच. मुद्दाम अळणी आमटी वाढून पाहिली, तर नवरा म्हणाला, "छान झालीय." तेव्हाच त्यांनी देवाला नारळ बोलला होता.

चौथ्या दिवशी चार वाजता सातवणाखाली गाऱ्हाणं ठरलं. नारळ, विडे, सारा वाडा लोटलेला. गुरुदास मुकाट पाटावर बसले. नको म्हणायचं तर आवाज चढवावा लागला असता!

गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्या बाबाजींनी हात जोडले. "बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडा म्हणाला.

"ह्या लेकराचो आवाज तुया घेतलंस, तो परत दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबाजींचं सगळंच सावकाश. गुरुदासांच्या सात पिढ्यांची नावं घ्यायला लागले, सहावी विसरले, पुन्हा पहिलीपासून. मधेच तपकीर ओढली. गुरुदास पान झाले, पाणी झाले, सबंध ओहोळ झाले. खाणीचा साडेपाचचा भोंगा वाजला. बाबाजींनी तिसऱ्यांदा पहिल्या पिढीला हात घातला.

"अरे बाबाजी! चारची वेळ देऊन अजून माज्या खापरपणज्याकडेच घोळतां? नारळ तुमी फोडतां, काय मी फोडूं?"

झाडावरचे कावळे उडाले!

"व्हय म्हाराजाऽऽ!" अख्खा वाडा आनंदानं ओरडला. बाबाजींनी घाईघाईनं नारळ फोडला. राखणदारानं इतक्या तातडीनं ऐकलेलं त्यांनीही जन्मात पाहिलं नव्हतं.

माणसं पांगली. गुरुदास छातीवर हात धरून बसून राहिले. धडधड हळूहळू निवली. वरून फुलं टपटप पडत होती. विमलाताई डोळे पुसत शेजारी येऊन टेकल्या.

"विमल, आता त्या डॉक्टराक काय सांगूं?" त्यांनी ओशाळून विचारलं.

"सांगात तेका, तुमी असे गप रवलात तर आधीं माजां काळीज बंद पडतलां!"