घरचीच रंगू

"सुट्टी? सुट्टी नोकरांना असते गं! तू तर घरचीच," वेणूबाई म्हणाल्या आणि रंगूच्या डोक्यात तिडीक गेली. काशीदला या घरी कामाला राहिली तेव्हापासून हेच ऐकत होती ती. पाणी भरायचं, अंगण सारवायचं, सगळ्यांच्या मागून जेवायचं आणि माजघराच्या कोपऱ्यात पथारी टाकायची. का, तर घरचीच! देश स्वतंत्र झाला म्हणे. झाला असेल बापडा. रंगूला नारळी पौर्णिमेची एक दुपार मोकळी मिळेना.

आणि ही पौर्णिमा काही नेहमीची नव्हती. कोळीवाड्यातल्या तिच्या भावानं, गुणाजीनं, नवी होडी बांधली होती. दर्याला नारळ वाहायचा तो रंगूच्याच हातून, त्याशिवाय होडी पाण्यात लोटणार नाही, म्हणून गडी हटून बसला होता. रंगूनं स्वतःच्या पैशानं नारळ घेतला, त्याला सोनेरी कागद चढवला आणि आपल्या ट्रंकेत जपून ठेवला. बऱ्याच मिनतवाऱ्या केल्यावर वेणूबाई म्हणाल्या, "बरं, जेवणं उरकली की जा एकदाची."

नेमक्या पौर्णिमेच्या सकाळी एस.टी.तून वेणूबाईंच्या लेकीच्या सासूबाई उतरल्या! विहीणबाई म्हटल्यावर नारळीभात हवाच. वाडीत माड हे एवढे, पण नारळ सगळे शेंड्याला, आणि ते उतरवणारा सदू सणाची चढवून कोळीवाड्यात आडवा झालेला. रंगू विहिरीवरून घागर घेऊन आली, तर चुलीत सोनेरी कागद जळत होता आणि वेणूबाई खोबरं खवत होत्या.

"बाई! माजा दर्याचा नारळ!"

"ओरडतेस काय? घरातला नारळ घरातल्याच पातेल्यात गेला. तू काय परकी आहेस?"

रंगूला रडू फुटलं आणि रडण्यापेक्षा संताप जास्त. कोळणीचा सणाचा नारळ फोडायला या बाईचा हात धजलाच कसा! आता गुणाजीला तोंड कसं दाखवायचं?

पंगतीत विहीणबाईंनी भात दोनदा मागून घेतला. वेणूबाई फुलून गेल्या. "रंगूला आम्ही नोकर म्हणतच नाही हो. घर तिचंच. काही घ्यायला तिला विचारावंसुद्धा लागत नाही!"

वाढता वाढता रंगूनं दात आवळले. कोळीवाड्यातून ढोल ऐकू येत होता.

"रंगू, विहीणबाई निघाल्यात, ओटीचं ताट आण. नारळ फडताळात आहे," असं म्हणून वेणूबाईंनी किल्ली पुढे केली.

रंगूनं फडताळ उघडलं आणि बघतच राहिली. आत चांगला गरगरीत नारळ! म्हणजे हा कुलपात ठेवून माझा फोडला? वा रे वा!

ती ताट घेऊन बाहेर आली. ताटात तांदूळ होते, खण होता, सुपारी होती.

"अगं, नारळ कुठाय?"

"माज्या पदरात. दर्याला नेतंय." रंगूनं गाठ घट्ट केली. "घर माजंच हाय, इचारावं लागत न्हाय, आत्ताच म्हनलात न्हवं?"

वेणूबाईंचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. विहीणबाई मात्र मनापासून हसल्या. "खरंच की! घरच्या माणसानं कसलं विचारायचं? माझी ओटी सुपारीनं भरा हो."

वेणूबाईंनी कसंबसं हसून सुपारी उचलली. मग त्यांना मोरीतला ढीग आठवला.

"रंगू, अगं, आणि ती खरकटी भांडी?"

रंगू तोवर अंगणाच्या कडेला पोचली होती.

"घरचंच कुनीतरी घासंल की, बाई!"