दुसऱ्या रायफलीचा अभ्यास

कोणतीही वस्तू घ्यायची तर आधी तिचा कसून अभ्यास करावा, असं माझं ठाम मत आहे. फ्रिज घेताना मी एकोणीस मॉडेलं तपासली होती. गाडीच्या वेळी तर शोरूममधला माणूस मला लांबून पाहून चहाला जायला लागला होता. त्यामुळे २०१५ च्या जानेवारीत मी दुसरी रायफल घ्यायचं ठरवलं, तेव्हा अख्ख्या मस्कतमध्ये या विषयावर माझ्याइतकी तयारी केलेला दुसरा मराठी माणूस नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

मी प्रेमानंद वाघमारे. मूळचा नागपूरचा, मस्कतमधल्या एका कन्सल्टन्सीत इलेक्ट्रिकल इंजिनिअर. राहायला माबेलाला, म्हणजे सकाळी तासभर गाडीत आणि संध्याकाळी तासभर गाडीत. मधल्या वेळेत मी दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुका काढतो आणि दुसरे माझ्या काढतात. आदल्या वर्षी ऑफिसची सहल एका शूटिंग क्लबात गेली. तिथे दहा मीटरवरच्या कागदावर मी आयुष्यातला पहिला छर्रा मारला आणि तो चक्क काळ्या चकतीच्या मधोमध बसला. माझे कान गरम झाले. बारावीच्या निकालालाही झाले नव्हते.

पुढच्या आठवड्यात मी मेंबर झालो आणि महिन्याभरात लाकडी दस्त्याची एक एअर रायफल घेतली. आमच्या क्लबचा नियम असा की रायफल तुमची असली तरी राहणार क्लबच्या लोखंडी कपाटात, कुलपात. माझी बायको प्रणाली हिला सगळ्या छंदात हा नियम तेवढा आवडला.

मात्र तो पहिला छर्रा जसा बसला, तसे नंतरचे बसेनात. दहा छर्ऱ्यांचे शंभर गुण असतात. माझे कधी सदुसष्ट, कधी सत्तर. आमचा कोच खमीस हा फौजेतून निवृत्त झालेला ओमानी गृहस्थ. त्याने एकदा माझ्या आडनावाचा अर्थ विचारला. मी अभिमानाने सांगितलं, "जो टायगर को मारता है."

खमीसने माझ्या कागदाकडे बराच वेळ पाहिलं. "टायगर का नसीब अच्छा है, सदीक," तो म्हणाला. सदीक म्हणजे दोस्त.

आठ महिने असे गेल्यावर एका रात्री जेवताना मी निदान जाहीर केलं. "दोष रायफलीचा आहे."

प्रणाली शाळेत केमिस्ट्री शिकवते. पुराव्याशिवाय ती काही मानत नाही. "कशावरून?"

"मी तिच्या पुढे निघून गेलोय. ती आता मला पुरत नाही."

"पुढे म्हणजे कुठे? अडुसष्टवर?"

अशा वातावरणात संशोधन करणं सोपं नसतं, पण मी केलं. तीन आठवडे व्हिडिओ पाहिले. चौदा रकान्यांची एक्सेल शीट बनवली. पिस्तूल घ्यावं की रायफलच, लाकडी दस्ता की ॲल्युमिनियमचा, वजन किती, चाप किती हलका, सगळं त्यात होतं. शेवटी एक जर्मन बनावटीची रायफल पहिली आली. निळी, धातूची, जागोजागी फिरवायला स्क्रू. दिसायला अशी की ऑपरेशन थिएटरमध्ये ठेवली असती तरी शोभली असती. दुबईचा एक एजंट शनिवारी क्लबात तिचा नमुना घेऊन येणार होता. मी त्याला फोन करून ती माझ्यासाठी राखून ठेवायला सांगितली. "डन, सर," तो म्हणाला.

त्या "डन"वर विसंबून मी नागपूरच्या घरच्या ग्रुपवर "घेतली" असं टाकून दिलं. बहिणीने लगेच फोटो मागितला. ऑफिसात पार्टी मागितली गेली. शनिवारी मी प्रणालीला आणि दहा वर्षांच्या लेकीला, अंतराला घेऊन क्लबात निघालो, ते नवरदेवाच्या ऐटीत.

आत शिरलो आणि थबकलो. माझी निळी रायफल एका बाईंच्या मांडीवर होती.

बाई साठीच्या आसपासच्या, डोक्यावर घट्ट बांधलेला रुमाल, पायात पांढरे बूट. उंची जेमतेम पाच फूट. त्या रायफलीवरून असा हात फिरवत होत्या की जणू बाळाला थोपटून निजवतायत. प्रणालीने मराठीत "आता काय?" असं मला विचारलं, तर त्या पटकन वर बघून हसल्या. "मराठी हाय काय तुमी? मी सफूरा. दापोलीकडची. तीस वर्सं इब्रीला नर्स होते. आता मुलाकडं असते, अल मवालेहला."

एजंट मध्येच घाम पुसत उभा होता. त्याने "डन" दोघांनाही म्हटलं होतं. नमुना एकच. पुढचा कागदपत्रं होऊन यायला सहा महिने.

मी माझी बाजू मांडली. तीन आठवड्यांचा अभ्यास सांगितला. चौदा रकाने सांगितले. सफूराबाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मी काय अभ्यास नाय केला, भाऊ. खांद्याला लावली, बरी वाटली."

एजंट खमीसकडे बघायला लागला. खमीसने दाढी खाजवली आणि फर्मान काढलं. दोघांनी आपापल्या जुन्या रायफलीने, शेजारी शेजारी उभं राहून दहा-दहा छर्रे मारायचे. ज्याचे गुण जास्त, त्याची रायफल. "बीच में पेपर नहीं देखना. दस खलास, फिर देखेगा."

मला आनंद झाला, हे आता सांगायला लाज वाटते. समोर एक निवृत्त आजीबाई होत्या. शिवाय माझ्याकडे एक नवं शस्त्र होतं, तेही कालच व्हिडिओत शिकलेलं. त्यात एक चॅम्पियन सांगत होता की बंदूक बळजबरीने नेमावर आणू नका. रायफल खांद्याला लावा, डोळे मिटा, अंग सैल सोडा. शरीर आपोआप जिथे स्थिरावेल, तिथेच उभं राहून मारा.

मला सहा नंबरची जागा मिळाली, सफूराबाईंना सात. पलीकडे मोठ्या रायफलींचे आवाज चालले होते, म्हणून कानांवर जाड कव्हर चढवलं. डाव्या डोळ्यावर टोपीची पट्टी ओढली. रायफल उचलली, डोळे मिटले, अंग सैल सोडलं. एक दीर्घ श्वास. डोळा उघडला, तर समोर, दुर्बिणीतून पाहिल्यासारखी, काळी चकती. कुठेही हलवाहलव नाही. मी चाप दाबला.

काय सांगू तो अनुभव! पहिल्यांदाच मला धाप लागली नव्हती, हात थरथरत नव्हता. दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक छर्रा सुटताना आतून कळत होतं की हा बसला. ऑफिस नाही, हायवे नाही, कुणाची लाल शाई नाही. फक्त मी आणि ती चकती.

पाचव्या छर्ऱ्यानंतर मागे काहीतरी हालचाल जाणवली. अंतरा दोरीच्या पलीकडून दोन्ही हात हलवून मला काहीतरी सांगत होती. कानांवरच्या कव्हरमुळे ऐकू काहीच येईना. पोरीला बापाचा अभिमान वाटतोय, हे पाहून माझा ऊर भरून आला. मी तिला अंगठा दाखवला. तिने कपाळावर हात मारला. प्रणालीने तिला ओढून खाली बसवलं, कारण खमीस ओठांवर बोट ठेवून तिच्याकडे बघत होता.

दहावा छर्रा मारून मी रायफल खाली ठेवली, कव्हर काढलं आणि उदारपणे सफूराबाईंकडे वळलो. "छान मारलंत हो," मी म्हणालो. हरणाऱ्याला धीर द्यावा माणसाने.

खमीसने बटण दाबलं. तारेवरून दोन्ही कागद सरकत आले.

माझा कागद छापखान्यातून आला तसा होता. कोरा. मी तो उलटून पाहिला. मागूनही कोरा.

सफूराबाई आपला कागद डोळ्यांजवळ धरून मोजत होत्या. "अठरा, एकोणीस, वीस," त्या म्हणाल्या. "अवो, मी दहाच मारले."

तेवढ्यात अंतरा धावत आली. "बाबा, मी कधीपासून सांगते तुला! तो आन्टीचा पेपर होता. यू वेअर शूटिंग हर पेपर!"

शरीर जिथे आपोआप स्थिरावेल तिथे मारा, असं चॅम्पियन म्हणाला होता. माझं शरीर सात नंबरवर स्थिरावलं होतं. डोळ्यावर पट्टी असल्यामुळे शेजारचा आकडा दिसला नव्हता.

खमीस इतका वेळ तोंड दाबून उभा होता. आता तो भिंतीला टेकून हसायला लागला. हसू आवरल्यावर त्याने नियम सांगितला. दुसऱ्याच्या कागदावर मारलं तर आपल्याला शून्य. आणि कुठला छर्रा कुणाचा ते कळत नसेल, तर ज्याचा कागद त्याला त्यातले सगळ्यात चांगले दहा मिळतात. त्याने सफूराबाईंचे दहा मोजले. सत्त्याण्णव.

"त्या सत्त्याण्णवमध्ये माझे आहेत," मी कळवळून म्हणालो. कागदावर मधोमध दहा-अकरा भोकांचा घोस होता आणि बाकीची सगळीकडे गावभर पसरली होती. "मला आतून कळत होतं. हे मधले माझे."

एजंट म्हणाला, रूल इज रूल. पण सफूराबाईंनी मान हलवली. "नाय, भाऊ. तुमचे असतील तर तुमचे. फुकटचा मान मला नको. परत मारू."

बाईंचा हा मोठेपणा मी कधी विसरणार नाही. तो त्यांनी दाखवला नसता तर मी आजन्म त्या मधल्या भोकांवर हक्क सांगत राहिलो असतो.

या वेळी खमीस स्वतः माझ्या मागे उभा राहिला आणि प्रत्येक छर्ऱ्याआधी माझा खांदा धरून विचारत राहिला, "सिक्स? पक्का सिक्स?" दहा झाले. कागद आले. सफूराबाई त्र्याण्णव. मी एकोणसत्तर.

प्रणालीने माझा नवा कागद आणि मघाचा वीस भोकांचा कागद शेजारी शेजारी धरले. गावभर पसरलेली भोकं दोन्हीकडे सारखीच पसरली होती. पुरावा मिळाल्यावर ती बोलत नाही.

निळी रायफल सफूराबाईंची झाली. मी मनापासून अभिनंदन केलं आणि माझी जुनी कपाटात ठेवायला निघालो. नागपूरला काय सांगायचं, याचा विचार करत होतो. खरं सांगायचं तर रायफल गेल्याचं एवढं वाईट वाटत नव्हतं. दहा छर्ऱ्यांपुरतं का होईना, आपल्याला हे जमतं असं वाटलं होतं, ते गेलं होतं.

"तआल, सदीक," खमीसने हाक मारली. त्याने माझा हात कोपरात दुमडला, माझ्या रायफलीचा दस्ता कोपराच्या खाचेत टेकवला आणि बोट चापावर ठेवायला सांगितलं. बोट पोचेना. मी ताणलं. तरी पोचेना.

"यह लंबा आदमी का है," खमीस म्हणाला. "तू छोटा आदमी. इसलिए पीछे झुकता है, इसलिए हिलता है."

माझ्या अंगात पुन्हा वीज संचारली. मी प्रणालीकडे वळलो. "ऐकलंस? दोष रायफलीचाच होता."

"रायफल का नहीं," खमीस म्हणाला. "जिसने खरीदा, उसका."

माझी उंची पाच फूट तीन इंच. एक्सेल शीटमध्ये चौदा रकाने होते आणि त्यातल्या एकातही मी नव्हतो.

मग सफूराबाईंनी आपली जुनी रायफल माझ्यापुढे धरली. आखूड दस्त्याची, हलकी, पकडीवरचा रंग उडालेला. "ही लावून बघा. मला आता दोन कशाला?" कोपराला लावली, तर बोट अलगद चापावर. मान वाकडी नाही, पाठ मागे नाही. मी सहा नंबरवर गेलो, डोळे चांगले टक्क उघडे ठेवून आकडा तीनदा वाचला आणि दहा छर्रे मारले. ब्याऐंशी.

मी तो कागद घेऊन क्लबात सगळ्यांना दाखवत फिरलो. कॅन्टीनच्या माणसालाही दाखवला. एजंटाला दोनदा. रायफलीच्या कागदपत्रांसाठी अर्ज त्याच दिवशी केला. नागपूरला फोटो गेला. बहिणीने लिहिलं, "जुनी वाटते रे."

एप्रिलमध्ये क्लबची स्पर्धा झाली. मी शहाऐंशी केले, आयुष्यातले सर्वोत्तम. दोन दिवसांनी क्लबातून पाकीट आलं. आत छापील प्रमाणपत्र, सोनेरी किनार, तिसरा क्रमांक. मी ते अंतराला मोठ्याने वाचायला दिलं.

ती इंग्रजी अक्षरं वाचता वाचता अडखळली. "मिसेस प्रेमानंद वाघमारे. थर्ड. लेडीज ग्रुप."

रायफल सफूराबाईंच्या नावावरून माझ्या नावावर करायचे कागद अजून व्हायचे होते. क्लबच्या ऑफिसातल्या माणसाने रजिस्टरमधल्या रायफलीवरून गट लावला होता.

मी तडक क्लबात गेलो. खमीसने शांतपणे यादी काढली. माझे गुण पुरुषांच्या गटात धरले असते तर माझा नंबर चौदावा आला असता. पंधरा जणांत. महिलांच्या गटात, मला धरून, तिघीच होत्या.

"बदलूं?" खमीसने पेन उचलत विचारलं.

मी थोडा विचार केला. मग म्हटलं, राहू दे. सध्या ते प्रमाणपत्र आमच्या हॉलमध्ये आहे. पाहुणे आले की मी त्याच्यासमोर उभा राहतो, ‘मिसेस’ आणि ‘लेडीज’ झाकले जातील असा.