आधी गड्याले विचार

गिरजाबाईंच्या नळाच्या भांडणाची बातमी मी त्यांच्या साडीवर लिहिली. सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका दैनिकात मी नवा वार्ताहर होतो. वस्तीत नळ हवा म्हणून या नगरसेविकेने सभागृह डोक्यावर घेतलं होतं. मी लिहिलं काय, तर गुलबक्षी काठ, नीटस अंबाडा आणि हातची पाटवडी! नळ शेवटच्या ओळीत होता. जागा कमी पडली आणि नेमकी तीच ओळ कापली गेली.

माफी मागायला गेलो. बाई एका जागी उभ्या राहतील तर शपथ. मुलाखतसुद्धा चालता चालता. मी धापा टाकत मागे. बाईला विचारायचा प्रश्न आधी पुरुषाला विचारायला लावायची त्यांची प्रसिद्ध खोड तेव्हाच माझ्या वाट्याला आली.

"पाटवडीचं मले विचारलं. सभापतीले विचारलं का?"

"नाही."

"काहून? तो जेवत नाही? आधी गड्याले विचार, मंग माह्या दारात ये गा."

गेलो. पाणी समितीचे सभापती सीताबर्डीला राहत. विचारलं, "साहेब, घरी स्वयंपाक कोण करतं? पाणी कोण भरतं?"

साहेबांनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "मी भरते! अन् आपला नळ किती वाजता येते, तेही विचारा त्याईले!"

साहेबांना सांगता येईना. पाणी समितीच्या सभापतींना! मी ते जसंच्या तसं छापलं. पानठेल्यापानठेल्यावर हशा पिकला आणि सभापतींनी घाईघाईने वस्तीतला नळ मंजूर केला.

पहिल्या सकाळी नळावर ही गर्दी. बाईंचं नुसतं इकडून तिकडे सुरू. "सर वं समोर! अवं, त्या म्हातारीले आधी भरू दे!" सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी स्वतःचा गुंड, म्हणजे पाण्याची पितळी कळशी, नळाखाली लावला. एकच, तोही लहानसा.

"बाई, एवढंच पाणी?"

त्या पहिल्यांदाच स्वस्थ उभ्या राहिल्या. भरणाऱ्या गुंडाकडे बघत म्हणाल्या, "एकट्या जिवाले किती लागते? दिवसभर वस्ती माही असते. दिवे लागले का जो तो आपल्या घरी जाते."

माझा हात सवयीने खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. त्यांनी भरलेला गुंड उचलून माझ्याच हातात दिला.

"ठेव ते. लिवणं काही तुले जमत नाही गा. हे तरी न सांडता घरापोत आण."