दोन किल्ल्या आणि एक कवळी

घरात टेबल एकच होतं आणि त्या सकाळी त्यावर दोन उद्योग चालू होते. एका टोकाला बायको दातांच्या कवळीला शेवटची झिलई देत होती. बाकीच्या सगळ्या टेबलावर नवऱ्याच्या वायरी पसरल्या होत्या. घर चालायचं ते कवळ्यांवर, वायरींवर नव्हे. पण जगाची रीतच अशी, की जो कमावतो त्याला कोपरा मिळतो आणि जो उचापती करतो त्याला टेबल.

नवऱ्याची ताजी उचापत म्हणजे गाडीला रिमोट स्टार्टर बसवणं. घरात बसून बटण दाबायचं, खाली गाडी आपोआप चालू होणार, आणि बायको थंडीत कामाला निघेपर्यंत आत छान ऊब. हेतू चांगला होता. या माणसाचे सगळेच हेतू चांगले असत; भोगावं लागे ते हेतूच्या पुढचं. मागच्या चांगल्या हेतूपासून न्हाणीघरातला नळ उलटा फिरवल्याशिवाय बंद होत नव्हता. घरात त्याला 'इंजिनियर' म्हणत. हे कौतुक नव्हतं.

"गाडीत वाकडंतिकडं होऊन वायरी जोडत बसायचं नसतं," इंजिनियर सांगत होता. "आधी टेबलावर तयारी. वायरी सोलायच्या, जोडायच्या, टेप गुंडाळून जुडगे बांधायचे. मग गाडीत नेऊन नुसते बसवायचे. एक जुडगा स्टीअरिंगखाली, एक इंजिनाकडे."

"माझ्या ब्रशवरची तुमची वायर उचला आधी," बायको म्हणाली. "अकराच्या आत ही कवळी दवाखान्यात पोचली पाहिजे."

ही कवळी साधी नव्हती. शहरातल्या मोठ्या दवाखान्याने तिला दिलेलं ते पहिलंच काम होतं. वेळेत पोचली तर पुढची कामं, नाही पोचली तर डॉक्टर पुन्हा आपल्या जुन्या माणसाकडे. शिवाय ज्यांची कवळी होती ते गृहस्थ त्याच दुपारी नोकरीतून निवृत्त होणार होते आणि त्यांना भाषण करायचं होतं. बिनदाताच्या भाषणात 'साहेबांचे उपकार' याचं काय होईल ते सांगता येत नाही.

नवरा हे सगळं व्हिडिओ बघून शिकत होता. या स्टार्टरला गाडीला फसवण्यासाठी तिची एक किल्ली लागते. ती जुडग्यात कायमची गाडून टाकायची, म्हणजे मालक आत बसलाय असं गाडीला वाटतं. व्हिडिओतल्या टकल्या माणसाने सांगितलं, किल्लीचं पोट उघडा, सेल काढा, दोन वायरी डागा आणि गुंडाळा. इंजिनियरने तसं केलं. मग चहा झाला. चहानंतर टकल्याचा व्हिडिओ काही सापडेना, म्हणून एका दाढीवाल्याचा लावला. दाढीवाला म्हणाला, आता किल्ली घ्या, आहे तशी जुडग्यात ठेवा, घट्ट गुंडाळा. टेबलावर एक किल्ली होती. इंजिनियर आज्ञाधारक होता.

"चला, निघते मी," बायकोने कवळीची डबी पर्समध्ये टाकली. "किल्ली द्या."

"किल्ली सुरक्षित आहे," नवरा म्हणाला.

खिडकीत वाटाणे सोलत बसलेल्या सासूबाईंचा हात थांबला. "हा 'सुरक्षित' म्हणाला की मी आधी मेणबत्ती शोधून ठेवते."

"कुठे आहे?"

"एक या जुडग्यात."

"आणि माझी?"

नवऱ्याने दुसऱ्या जुडग्याकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं.

"दोन्ही पुरल्यात?"

"अगं, व्हिडिओत सांगितलं तसंच केलं. दोघांनीही एकेकच सांगितली होती."

"दोघांचं ऐकायला तुला कुणी सांगितलं होतं?" सासूबाई म्हणाल्या. "जन्मात कधी एकाचं ऐकलं नाहीस."

मग कापाकापी सुरू झाली. वाईट हे, की आयुष्यात हा माणूस एकच गोष्ट मन लावून करत असे आणि ती म्हणजे टेप गुंडाळणं. कापडी टेपवर रबरी टेप, त्यावर पुन्हा कापडी. कात्रीचा खिळा निघाला. शेवटी ब्लेडने पहिला जुडगा कसाबसा फाडला. आतून टकल्याची किल्ली निघाली, पोट उघडं, दोन वायरींना लोंबणारी. घाईत ओढली तशी डागलेल्या जागी तिची हिरवी पट्टी टचकन तुटली.

"ही गेली," सासूबाईंनी निकाल दिला.

दुसऱ्या जुडग्याच्या दुसऱ्या थरात ब्लेड मोडलं. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. "मॅडम, पेशंट खुर्चीत बसलेत. डॉक्टर विचारतायत."

"निघालेय मी, वाटेतच आहे," बायको स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली. भाड्याची गाडी बोलावली होती. ती मात्र खरोखरच वाटेत होती, पण कुठल्या वाटेत ते तिलाच ठाऊक. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ते नवऱ्याने पाहिलं आणि मोडक्या ब्लेडनेच तो टेप खरवडायला लागला.

सासूबाईंनी वाटाण्यांची परात बाजूला सारली. जुडगा काखेत मारला. "कोपऱ्यावर चपला दुरुस्त करणारा बसतो ना? त्याच्या रापीने चामडं कापलं जातं. याच्या टेपची काय मिजास. चल गं."

वरात निघाली. पुढे सासूबाई, त्यांच्या काखेतून लोंबणाऱ्या वायरी, मागे डबी छातीशी धरलेली सून, आणि सगळ्यात शेवटी इंजिनियर. "आई, लाल वायर ओढू नकोस."

"तुझे कान ओढायचे राहिलेत ते आधी बघ."

फाटकाशी घरची गाडी उभी होती. सासूबाई तिच्याजवळून गेल्या आणि गाडी 'टिक टिक' बोलली. दिवे लुकलुकले. मिटलेले आरसे कान पसरावेत तसे उघडले.

तिघंही थांबले. सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या. गाडीने कुलूप लावलं. पुढे आल्या. कुलूप उघडलं.

"मला ओळखते ही," त्या म्हणाल्या.

त्या गाडीची किल्ली कुठे घालून फिरवायची नव्हतीच. ती जवळ असली की पुरे. पर्समध्ये असो, खिशात असो, की टेपच्या थरांत. दोन वर्षं बायको ती पर्समधून न काढता गाडी चालवत होती. पण किल्ली पुरली म्हणताच तिघांनीही तिचं सुतक धरलं होतं.

बायकोने सासूच्या काखेतून जुडगा घेतला, शेजारच्या सीटवर ठेवला, ब्रेक दाबला, बटण दाबलं. इंजिन सुरू झालं. जुडग्याच्या वजनाने पट्ट्याची घंटा वाजायला लागली, तेव्हा तिने त्यालाही पट्टा बांधला आणि कुणाकडेही न बघता निघून गेली.

मागे राहिलेले मायलेक भाड्याची गाडी रद्द करून वर जाऊन वाटाणे सोलत बसले. बऱ्याच वेळाने फोन वाजला. नवऱ्याने तो सासूबाईंच्या कानाला लावला. स्वतःच्या कानाला लावायची छाती नव्हती.

"बसली, आई," सून म्हणत होती. "नीट बसली. दात बसल्याबरोबर ते गृहस्थ डॉक्टरांनाच म्हणाले, 'इतका उशीर का?' एक अक्षर कुठे सुटलं नाही. डॉक्टर खूश. आणखी तीन कवळ्यांचं काम दिलंय."

सासूबाईंनी ते लेकाला सांगितलं. त्याने एवढा मोठा श्वास सोडला की परातीतली सालं उडाली. मग तो खाली वाकून ती वेचायला लागला.

नवी किल्ली मागवली आहे. यायला वेळ लागेल म्हणतात. दुसरा जुडगा फाडायची हिंमत कुणाला होत नाही, उरलेली एकच किल्ली त्यात आहे. बायको तो भाजीच्या पिशवीत घालून हिंडते. आणि रोज सकाळी तिने चहाच्या कपावर चमचा दोनदा वाजवला, की इंजिनियर स्वेटर चढवून, जुडगा तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून खाली जातो, गाडी चालू करतो, काचा पुसतो आणि वर येतो. ती निघेपर्यंत गाडी छान उबदार झालेली असते.

परवा शेजारीणबाईंनी जिन्यात विचारलं, "तुमची गाडी आपोआप चालू होते म्हणे. कुठल्या कंपनीचा रिमोट बसवलात?"

"घरचाच आहे," बायको म्हणाली. "सेल लागत नाहीत. चहावर चालतो."