कायमचं लावून टाक

आमचे दाजी भांडणालाही तारीख देतात.

अक्काशी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीशी, त्यांचं भांडण दर गुरुवारी संध्याकाळी चारला असतं. फोनच्या कॅलेंडरात तशी नोंदच आहे: ‘सौ. बरोबर वाद. दर आठवड्याला.’ मंगळवारी आमटीत मीठ जास्त पडलं तर दाजी ताट सारत नाहीत, नुसतं म्हणतात, “बेस्तरवारी बोलू.” अक्काही पदर खोचून सांगते, “व्हय, बेस्तरवारीच बघते तुमच्याकडं.” गुरुवारी चारला फोन वाजतो. दोघं ओट्यावर समोरासमोर बसतात आणि कशावरून भांडायचं होतं ते दोघांनाही आठवत नाही. मग अक्का चहा टाकते आणि कोयनेवरून येणारं वारं अंगावर घेत ती दोघं गप्प बसून राहतात. हा प्रयोग मी सांगलीत आमच्या घरी करून पाहिला. बायको म्हणाली, “नोंद कशाला? आत्ताच घ्या,” आणि जागेवर निकाल लावला.

दाजी फौजेत सिग्नलला होते. आता कराड-पाटण रस्त्यालगतच्या गावात ऊस, सोयाबीन आणि एक म्हैस सांभाळतात. काही वर्षांपूर्वी लेकीनं नवा फोन दिला, त्यात कॅलेंडर दाखवलं आणि दाजी त्याच्या प्रेमातच पडले. कुठलीही नोंद केली की तो फोन विचारतो, पुन्हा कधी? रोज, दर आठवड्याला, दरमहा, दरवर्षी?

“एवढ्या मायेनं जल्मात कुणी इचारलं न्हवतं, पाव्हणं,” दाजी मला म्हणाले. त्यांच्याकडं मेव्हण्याला पाव्हणंच म्हणतात. “मी म्हनतो, लावून टाक. कायमचं.”

आणि त्यांनी लावलं. म्हशीची पाठ खाजवणे, रोज. ढग बघणे, रोज. काही न करणे, शनिवारी दुपारी. लेकीनं घरच्या सगळ्यांची नावं त्यात जोडून दिली होती, त्यामुळं मी ऑफिसात साहेबांसमोर उभा असताना माझ्या खिशातून सूचना येई: ‘म्हैस.’ माझ्या स्वतःच्या फोनात एकच कायमची नोंद आहे, ‘पहाटे चालायला जाणे’. ती रोज वाजते आणि रोज मी कूस बदलतो. त्यामुळं दाजींना हसायचा मला फारसा अधिकार नाही.

फसगत व्हायची ती तिथीवाल्या कामांत. अमावस्येला मोटारसायकलला नारळ फोडायचा म्हणून त्यांनी ‘दर महिन्याला’ लावलं. इंग्रजी महिना आणि अवस काही हातात हात घालून चालत नाहीत. दोघांत अंतर पडत गेलं आणि एका संध्याकाळी दाजी मोटारसायकलपुढं नारळ घेऊन उभे राहिले, तेव्हा अंगणभर चांदणं पडलं होतं.

“आवं, चांद बघा केवढा आलाय परातीएवढा!” अक्का म्हणाली. “ही कसली तुमची अवस?”

“फोनची अवस हाय,” दाजी म्हणाले आणि नारळ फोडला.

यंदा दिवाळीनंतर अक्काचाच फोन आला. “ये बाबा एकदा आन् ते सगळं पुसून दे. दिसभर घर वाजतंय नुसतं.”

मी गेलो. दाजी बांधावरच्या आंब्याखाली बसले होते. समोर सोयाबीन निघालेलं रान मोकळं पडलं होतं आणि ऊन त्याच्यावर झोपेत असल्यासारखं पसरलं होतं. दाजींनी निमूट फोन दिला. नोंद पुसताना फोन विचारतो: फक्त हीच, की यापुढच्या सगळ्या? दाजींनी मोठ्या मनानं म्हैस सोडली, नारळ सोडला, ढग मात्र राहू दे म्हणाले. मग एक नोंद आली: ‘दत्तू. मेंढरं. दोन दिवस. दरवर्षी.’ मी बोट उचललं, तोच दाजींनी स्क्रीनवर तळहात ठेवला.

“त्याला हात लावू नगंस.”

दत्तू पूर्वेकडच्या माणदेशातला धनगर. दिवाळी झाली की कळप घेऊन इकडं उतरायचा आणि दोन दिवस मेंढरं दाजींच्या रानात बसवायचा. रानाला खत, दत्तूला धान्य आणि दाजींना गप्पा. गेली काही वर्षं तो आला नव्हता. पण फोनला दिवाळी कळत नाही, म्हणून दाजी दरसाल चष्मा लावून ती नोंद स्वतः पुढंमागं सरकवत होते.

“आन् तवर रानाला नांगर न्हाई,” अक्का मागून म्हणाली. “हरभरा प्येरायचाय. वल उडून चालली जमिनीतली. ट्रॅक्टरवाला दोनदा येऊन गेला.”

“दत्तू आला आन् रान नांगरलेलं असलं, तर मेंढरं काय माझ्या डोक्यावर बसवू?”

मी नोंद उघडून बघितली. त्यात दुसऱ्या कुणाचं नावच नव्हतं.

“दाजी, हे दत्तूला कळवलंय का?”

“लावलंय की. कायमचं.”

“ते तुमच्या फोनात. घरच्यांची नावं लेकीनं जोडली म्हणून आम्हाला येतं. दत्तूला काहीच गेलेलं नाही.”

दाजींनी रानाकडं बघितलं. “म्हंजी त्याला ठावंच न्हाई? मी वाट बगतोय त्ये?”

“फोन नाही केला कधी?”

“तो कवा सांगून यायचा? मेंढरं दिसली की तो आला.”

अक्कानंच नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात कोंबला. पलीकडून आवाज आला, “कोण, फौजी?”

“यीना का झालास रं?”

“मेंढरं इकली गड्या. आमच्याकडं पानी आलं, डाळिंबं लावली.” दत्तू म्हणाला, “मोकळ्या हातानं कुठल्या तोंडानं यिऊ तुज्या रानात?”

“रान ठेवलंय मी.”

“यंदा?”

“दरसाल.”

अक्का उगाचच आंब्याची वाळकी पानं वेचायला लागली.

दुसऱ्या दिवशी दत्तू एस.टी.नं आला. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं आणि हातात डाळिंबांची पिशवी. अक्कानं ट्रॅक्टरवाल्याला परवा ये म्हणून सांगितलं. ऊन उतरल्यावर आम्ही तिघं रानाच्या मधोमध बसलो. ढेकळांवर सावल्या लांब होत गेल्या, लांबून उसाच्या ट्रॉल्यांचा आवाज येत होता.

एकाएकी दत्तू उठून बांधापर्यंत गेला. तोंडानं हलकेच ‘हर्र, हर्र’ करत, हातानं कुणाला तरी आत घेत तो बांधाकडनं आमच्याकडं चालत यायला लागला. कळप दाट असावा, कारण तो अगदी सावकाश येत होता.

दाजींनी पसरलेले पाय अलगद पोटाशी ओढून घेतले.

मग मीही घेतले.