तिच्या हातातली माझी पट्टी

“नाही येत! काय करशील? डॉक्टर असशील तुझ्या घरचा!”

पंपवाला दुरुस्तीला आलेल्या पाण्याच्या उघड्या मोटारीवर पाना आपटत बोंबलत होता. डॉक्टर तिथं कुठला? तो बसला होता शहरात, दवाखान्यात. इथं नुसता त्याचा निरोप आला होता फोनवर : ठोके चुकताहेत, ताबडतोब या. आठवड्यातला तिसरा.

मागं पंपवाल्याला झटका येऊन गेला, तेव्हा लेकीनं त्याच्यासाठी मनगटावरची पट्टी आणली. “बाबा, यात एआय आहे. दिवसभर काळीज ऐकतं, बिघाड दिसला की डॉक्टरला कळवतं.”

“मोटारीचा आवाज ऐकून कुठलं बेरिंग गेलं ते मी सांगतो. मला काय शिकवतेस?”

पण घातली. आणि वैताग सुरू झाला. गिऱ्हाइकाला शिवी हासडली की पट्टी थरथरायची, शांत बसा. नट अडकला, पुन्हा थरथर. (म्हणजे माणसानं काम करायचं का नुसतं लोळायचं?) शेवटी त्यानं ती काढली आणि बायकोच्या मनगटाला बांधली.

“तू घाल. तुझं काळीज एकदम गार. डॉक्टर खूश, लेक खूश, मी मोकळा.”

“अहो, पण मला जरा...”

“पण नाही नि बिण नाही!”

तिनं घातली. तीस वर्षं त्याचं सगळंच तिनं अंगावर घेतलं होतं, त्यात एक पट्टी.

म्हणून तर आता त्याला हसू फुटलं. ठोके चुकताहेत म्हणे! मी तर रेड्यासारखा ठणठणीत. यंत्र फेल! त्यानं तिन्ही निरोप पुसून टाकले. ठोके कुणाचे, एवढं मात्र त्याच्या टाळक्यात शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आला आणि दारातूनच गरजला, “वाढ!” आत ताट पडल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही.

दवाखान्यात डॉक्टरनं कागद पुढं केला. “काका, पट्टी तुमच्या नावावर, ठोके काकूंचे. खरं ना?”

“खरं.”

“वेळेवर आणलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं. आता उद्या छातीत मशीन बसवायचं. तोवर जीवाला धसका बसता कामा नये. आणि हे बघा. सकाळी सहा, दुपारी एक, संध्याकाळी सात. रोज याच वेळी ठोके बिघडतात. तेव्हा घरात काय होतं?”

लेक बापाकडं बघायला लागली.

पंपवाल्यानं घसा खाकरला. “सहाला मी उठतो. एकला नि सातला घरी येतो.”

यंत्राला आठ दिवसांत कळलं ते बेरिंग ओळखणाऱ्याला तीस वर्षांत ऐकू आलं नव्हतं.

तो आत गेला. खाटेशी बसला, आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाला, “कशी आहेस गं?”

खाटेशेजारच्या पडद्यावरची ठोक्यांची रेघ ताडकन उडाली. मशीन कोकलायला लागलं. बायको धडपडत उठून बसली. “काय झालं? मी वाचत नाही का? एवढं गोड कशाला बोलताय?”

नर्सनं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

बाहेर बाकावर लेक पट्टी घेऊन बसली होती. त्यानं ग्रीसनं काळं झालेलं मनगट पुढं केलं.

“बांध ही. गच्च. आणि आत जा, तुझ्या आईला सांग, म्हातारा बाहेर डॉक्टरला शिव्या घालतोय म्हणून. तिचा जीव थाऱ्यावर येईल. बघतेस काय? जा!”