मोकळेपणाने बोलण्यासाठी हैदराबादला

विरोधी पक्ष संपला की सभा लवकर संपते, हे लोकशाहीतलं जुनं सत्य आहे. माझी बायको शामला मंगळवारी वारली. पण ती गेल्याचं नागपुरात बेसा भागातल्या आमच्या सोसायटीला खरं कळलं ते रविवारच्या सभेत. चहा यायच्या आत सगळे ठराव मंजूर झाले. पहिला ठराव तिच्या श्रद्धांजलीचा होता. त्यालाही कोणी हरकत घेतली नाही.

शामलाची हरकत एकच असे. वादळात गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उडालं, तेव्हापासून दर सभेत ती उभी राहून विचारायची, "टाकीले झाकण काहून नाही?" त्यावर "वहिनी, सभेत राजकारण आणू नका, बसा," हे सचिवांचं उत्तर ठरलेलं होतं. (ज्यावर दोन मतं होऊ शकतात ते राजकारण, असं सचिवांनी समजावलं होतं. टाकीत सापडलेल्या कबुतराचं धरलं तर तीन.) गच्चीची किल्ली सुरक्षेसाठी सचिवांकडे असते. सुरक्षा कोणापासून, हेही तिने विचारलं होतं.

ती गेली आणि सोसायटीत शांतता नांदू लागली. त्या शांततेत लोकांच्या लक्षात आलं की इथे बोलण्याचं स्वातंत्र्य नाही. पहिल्या मजल्यावरच्या भैय्याजींच्या सगळ्यात आधी लक्षात आलं. राजकीय स्वातंत्र्य आणि चांगलं राहणीमान यांसाठी त्यांनी दुसऱ्या राज्यात जायचं ठरवलं.

त्यांचा अभ्यास मोठा. मध्य प्रदेश बाद, कारण तिथे आपली हिंदी सगळ्यांना समजते. छत्तीसगडमध्ये मेव्हणी राहते, ती बोलू देत नाही. राहिलं तेलंगण. तेलुगू भैय्याजींना येत नाही, मराठी शेजाऱ्यांना येणार नाही. म्हणजे माणूस वाटेल ते बोलू शकतो.

हैदराबादेतली एक मोठी वसाहत ते पाहून आले. नियम फाटकावरच लावले होते: कपडे बाहेर वाळवू नयेत, घोळका करू नये, ग्रुपवर राजकीय मजकूर टाकू नये. भैय्याजी खूश होते. इथे तोंडी गप्प बसवतात, तिकडे लेखी आहे, हा केवढा फरक. राहणीमानाचं तर विचारूच नका. तिथली टाकी जमिनीखाली आहे. दिसतच नाही, त्यामुळे प्रश्न उद्भवत नाही.

हे वारं सगळ्या इमारतीला लागलं. मला हल्ली घरात काम नसतं, म्हणून मी दारोदार जाऊन पाहणी केली. बारापैकी आठ घरांना बोलण्याचं स्वातंत्र्य हवं होतं. मिळाल्यावर काय बोलणार, असं विचारलं तेव्हा सात जणांनी मुदत मागितली. आठव्याने आपलं नाव कुठे येऊ नये अशी विनंती केली.

भैय्याजींचा निरोप समारंभ पार्किंगमध्ये झाला. तर्री-पोहे, शाल, नारळ. सचिवांनी त्यांना निर्भीड म्हटलं. नंतर भैय्याजी प्लेट घेऊन माझ्याजवळ येऊन बसले.

"भाऊ, तुम्ही बी चाला. तिकडं माझ्या बाजूचा फ्लॅट खाली आहे. एकटे काय करता इथं? इथं बोलू देत नाही कोणी."

"तुमाले काय बोलाचं आहे?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "तेच, वहिनी म्हणत होत्या ते. टाकीच्या झाकणाचं."

"मंग बोला ना. सचिव समोरच उभे आहेत."

"जाऊ द्या भाऊ. आता जाऊन राहिलो. जातानी काहून वाईट व्हावं?"

मी त्यांच्याबरोबर गेलो नाही. शामलाचा प्रश्न इथल्या टाकीचा आहे, तो तिकडे विचारता येत नाही.

पोचल्यावर भैय्याजींनी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "आता मोकळेपणाने सांगतो. नागपूरच्या टाकीले झाकण पाहिजे." आठ अंगठे आले. मग सचिवांनी त्यांना ग्रुपमधून काढलं, कारण ते आता दुसऱ्या राज्याचे रहिवासी आहेत.

पुढच्या सभेत मी शामलाच्या खुर्चीजवळ उभा राहिलो आणि तिचाच प्रश्न विचारला. "भाऊ, तुमचं दुःख आम्ही समजतो, बसा," असं सचिव म्हणाले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. चहा मात्र त्या दिवशी सभा संपायच्या आत आला.

वाचताना ज्यांना हसू आलं असेल, त्यांनी किल्ली मिळाली तर एकदा आपल्या गच्चीवर जाऊन यावं. मिळाली नाही, तर कोणाकडे आहे ते तरी विचारावं, मोठ्याने.

आमच्या टाकीचं झाकण अजून बसलेलं नाही.